लक्ष ठेवणे, लक्ष देणे आणि सात वाजताचा दंगा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडून पाहते, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर ती सुरुवातीलाच दिसेल. तुमचा मुलगा साडेपाच वर्षांचा आहे. तुम्ही इंदुरातच विजयनगरमधील एका कार्यालयात नोकरी करता आणि सुदामानगरला घरी पोहोचेपर्यंत सात वाजतात. शाळेतून आल्यावर, म्हणजे दुपारी दीडपासून, तो आजीजवळ असतो. तुमच्या यजमानांची नोकरी फिरतीची असल्यामुळे आठवड्यातले चार दिवस ते रतलाम-मंदसौरकडे असतात. दुपारभर तो आजीबरोबर मटार सोलतो, चित्रे काढतो, नीट जेवतो. शाळेचीही काही तक्रार नाही. तुम्ही दारात पाऊल टाकलेत की मात्र पर्स फेकणे, पाणी सांडणे, किंचाळणे आणि कधी कधी चावणे सुरू होते. सासूबाई म्हणतात, "माझ्याजवळ अगदी गुणी असतो, तुला पाहिलं की त्याच्या अंगात येतं." नणंदबाईंनी सांगितले, की तो लक्ष वेधून घेण्यासाठी करतो, तेव्हा तू सरळ दुर्लक्ष कर. तुम्ही चार दिवस तसे केले आणि चौथ्या दिवशी त्याने स्टीलच्या डब्याचे झाकण टीव्हीवर भिरकावले. तेव्हा घाबरून तुम्ही त्याला उचलून घेतले आणि हातात मोबाइल दिला. आता तुम्ही विचारता, की ही अतिचंचलता आहे का, दुर्लक्ष का लागू पडले नाही, आणि नोकरी सोडावी का.

या तिन्ही प्रश्नांच्या मुळाशी एक वेगळाच प्रश्न आहे, आणि तो मुलापेक्षा घरातल्या मोठ्या माणसांबद्दल अधिक आहे: दिवसभरात आपले लक्ष त्याच्या कोणत्या वागण्याकडे जाते? यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. आपले लक्ष आपण ठरवू तिकडे वळते असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा आपल्याला न विचारताच वळते. आणि मुलाच्या ज्या वागण्याकडे ते वळते, ते वागणे वाढीला लागते. इंदुरात २६ वर्षे मुलांचे आणि पालकांचे समुपदेशन करताना मला जी कुटुंबे भेटली, त्यांपैकी निम्म्याहून अधिक कुटुंबांची अडचण या दोन वाक्यांत बसेल असे मला वाटते.

मुलाला प्रत्यक्ष न पाहता काही गोष्टी सांगता येत नाहीत, त्या आधी मोकळेपणी मांडते. अतिचंचलतेच्या, म्हणजे ज्याला सगळे एडीएचडी म्हणतात त्याच्या निदानासाठी, अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानग्रंथाप्रमाणे लक्षणे निदान सहा महिने टिकलेली असावी लागतात, बाराव्या वर्षापूर्वी दिसलेली असावी लागतात आणि घर, शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळावी लागतात. तुमचा मुलगा शाळेत आणि दुपारी आजीजवळ व्यवस्थित असतो आणि एकाच व्यक्तीसमोर, एकाच वेळी बिघडतो. एवढ्यावरून तरी ती शक्यता मला दूरची वाटते. मात्र त्याला ऐकू कमी येत असेल, अलीकडे कानदुखी झाली असेल, किंवा तुम्ही लिहिली नाही अशी एखादी घटना घरात घडली असेल, तर चित्र बदलेल. झोप आणि भूक हे दोन मुद्दे तर मी प्रत्येकाला विचारते. या वयाच्या मुलाला चोवीस तासांत साधारण दहा ते तेरा तास झोप लागते. सकाळी शाळेसाठी साडेसहाला उठणारा, दुपारी न झोपणारा आणि चार वाजता दूध-बिस्किटावर असलेला मुलगा सात वाजता थकलेला आणि भुकेलेला असतो. साडेसहाला त्याच्या पोटात पोळीचा लाडू किंवा मूठभर शेव-परमल गेले, तरी दंग्याची धार थोडी उतरते असा माझा अनुभव आहे. धार उतरते, दंगा जात नाही. म्हणून पुढचे लिहिते.

मराठीत 'लक्ष' या शब्दाला कोणती क्रियापदे लागतात ती पाहा. आपण लक्ष ठेवतो, लक्ष देतो, आणि कोणीतरी आपले लक्ष वेधतो. लक्ष ठेवणे म्हणजे राखण करणे: दूध उतू जाऊ नये, मूल जिन्यावरून पडू नये. लक्ष देणे म्हणजे हातातले काम बाजूला ठेवून समोरच्याचे जे चालले आहे त्यात शिरणे. आणि वेधणे हा तर नेमबाजीचा शब्द आहे. तुमच्या सासूबाई दुपारी त्याच्यावर लक्ष ठेवतातच, पण मटार सोलताना त्याच्याबरोबर दाणे मोजतात तेव्हा त्या लक्ष देतातही. सात वाजता तुम्ही दमून येता तेव्हा तुमच्याजवळ राखणीपुरतेच लक्ष शिल्लक असते, आणि ते कुणाच्याही बाबतीत तसेच असेल. त्याला दुसऱ्या प्रकारचे हवे असते, तेही नेमके तुमचे. ते मागून मिळत नाही असे दिसल्यावर त्याच्या हाती तिसरे क्रियापद उरते.

आता हे लक्ष, ज्याला मानसशास्त्राच्या पुस्तकांत अवधान म्हणतात, ते कसे चालते ते थोडे विस्ताराने सांगते, कारण ते कळले की स्वतःवरचा राग बराच कमी होतो. आपल्या गल्लीत सकाळी कचरागाडी गाणे वाजवत येते. २०१७ मध्ये इंदूर स्वच्छ सर्वेक्षणात पहिले आले, त्या सुमारास हे गाणे नवे होते आणि त्याने सगळ्यांची झोप मोडत असे. आज बाहेरगावचा पाहुणा दचकून उठतो आणि घरातले त्यालाच विचारतात, "कसलं गाणं?" पण ओल्या कचऱ्याची बादली भरून दाराशी ठेवलेली असली, की तीच धून दोन गल्ल्यांपलीकडून ऐकू येते. जे बदलते ते टिपायचे, जे तसेच चालू राहते ते सोडून द्यायचे, आणि ज्याच्याशी आपले काम अडले आहे ते गोंगाटातूनही उचलायचे, अशी मेंदूची रीत आहे. अचानक झालेल्या बदलाकडे वळण्याच्या प्रतिक्रियेला इव्हान पावलोव्ह यांनी 'हे काय आहे?' प्रतिक्षेप असे नाव दिले होते. तीच गोष्ट पुन्हा पुन्हा घडली की ती प्रतिक्रिया कशी मावळते, याचा अभ्यास पुढे येव्हगेनी सोकोलोव्ह यांनी केला.

ब्रिटिश शास्त्रज्ञ कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये लोकांच्या दोन कानांत एकाच वेळी दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि त्यांपैकी एक मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. दुसऱ्या कानात बाईचा आवाज होता की पुरुषाचा, एवढे लोकांना सांगता आले, पण तो मजकूर काय होता ते सांगता आले नाही; मधेच भाषा बदलली तरी बहुतेकांच्या ध्यानात आले नाही. १९५९ मध्ये नेव्हिल मोरे यांनी त्या दुर्लक्षित कानात ऐकणाऱ्याचे स्वतःचे नाव घातले, तेव्हा सुमारे एक तृतीयांश लोकांना ते ऐकू आले. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यापुढे ढोल-ताशे कानठळ्या बसवत असताना आपल्या मुलाची "आई" ही हाक आपल्याला कशी ऐकू येते, त्याचेही उत्तर याच दिशेने आहे. तुमच्या घरात शांतपणे चित्र काढणारा मुलगा हा त्या दुसऱ्या कानातला मजकूर असतो. तो आहे एवढे माहीत असते, तो काय करतो आहे ते कळत नाही. पाण्याचा तांब्या आडवा झाला की मात्र तीन खोल्यांतली माणसे एकदम वळतात.

हे मी एकदा वहीत मोजून पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी एक आई आणि आजी अशाच तक्रारीसाठी एका मुलाला घेऊन माझ्याकडे आल्या होत्या. तपशील थोडा बदलून सांगते. मुलगा सतरंजीवर ठोकळे रचत होता. बोलता बोलता, ज्या मिनिटात आम्हा तिघींपैकी कोणी त्याच्याकडे पाहिले किंवा त्याच्याशी बोलले, त्या मिनिटाची एक खूण मी वहीच्या कडेला करत होते. पहिल्या १४ मिनिटांत त्याने पूल बांधला, मोडला, पुन्हा बांधला, "हे बघ" असे दोनदा म्हटले. माझ्या वहीत एकही खूण नव्हती. पंधराव्या मिनिटाला त्याने ठोकळा माझ्या टेबलावरच्या पेल्यावर मारला आणि आम्ही तिघीही वळलो. आजी उठली, आईने त्याला मांडीवर घेऊन समजावले, मी पाणी पुसले. तीन बायकांचे मिळून जवळजवळ चार मिनिटांचे अखंड लक्ष. मला जास्त लागले ते हे, की मोजायला बसलेली मीही त्या दोन "हे बघ"कडे वळले नव्हते.

अशा वेळी मुलाने काही ठरवून केलेले असते असे नाही. "त्याला सगळं कळतं, मुद्दाम करतो," हे वाक्य मी रोज ऐकते आणि ते मला पटत नाही. ज्या कृतीनंतर हवे ते मिळते ती कृती पुन्हा होते. त्यासाठी कारस्थान लागत नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स मॅडसेन आणि वेस्ली बेकर यांच्या गटाने पहिलीच्या एका वर्गात साधी गोष्ट तपासली: शिक्षिकांनी "खाली बस" असे जास्त वेळा म्हटले तर काय होते? उठून फिरणारी मुले वाढली. प्रत्येक हुकुमानंतर ते मूल बसत असे, त्यामुळे हुकूम चालतो असे शिक्षिकांना वाटत असे, पण एकंदरीत उठणे वाढत असे. नीट बसलेल्या मुलांचे कौतुक सुरू झाल्यावर ते कमी झाले. आपण ओरडतो तेव्हा क्षणभर शांतता होते, त्या शांततेने आपल्याला ओरडण्याची सवय लागते आणि आपल्या ओरडण्याने मुलाला दंग्याची. दोघेही एकमेकांना शिकवत असतात.

दुसरा अभ्यास तुमच्या प्रश्नाच्या आणखी जवळचा आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या बालवाडीत बेटी हार्ट, माँट्रोस वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षांच्या दोन रडव्या मुलांवर केलेले काम १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनी रडण्याचे दोन प्रकार वेगळे केले: पडल्यामुळे, लागल्यामुळे, घाबरल्यामुळे येणारे रडणे, आणि बाई बघत आहेत याची खात्री करून होणारे रडणे. पहिल्याकडे शिक्षिका नेहमीसारख्या धावत. दुसऱ्याकडे त्या वळत नसत, पण अडचण आली असता मूल न रडता बोलले किंवा स्वतः काही करू लागले, की लगेच जवळ जात. काही दिवसांत रडणे जवळजवळ थांबले. पडताळ्यासाठी शिक्षिकांनी पुन्हा जुनी पद्धत सुरू केली, तर रडणे परत येऊ लागले, आणि नवी पद्धत आणल्यावर ते पुन्हा गेले. यात नुसते दुर्लक्ष नव्हते. लक्ष एका ठिकाणाहून काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवले होते. नणंदबाईंचा सल्ला याच कारणाने अर्धा बरोबर आहे. लक्ष काढून घ्या असे त्यांनी सांगितले, ते ठेवायचे कुठे हे राहून गेले.

मग आजीजवळ हे का होत नाही? माझे उत्तर असे, की आजीचे लक्ष दुपारभर सांडलेले असते, त्यासाठी काही मोजावे लागत नाही. तुमचे लक्ष पाच-सहा तासांनी येते, ते थोडे असते आणि त्याला वाटेकरी फार: कुकर, उद्याचा डबा, कार्यालयातून येणारे निरोप, सासूबाईंनी सांगायच्या दिवसभराच्या गोष्टी. तुम्ही कमी पडता म्हणून तो तुमच्याशी असे वागत नाही. तुमच्या लक्षाची किंमत त्या घरात सर्वांत जास्त आहे. यावर "पण मी तर घरी आल्यापासून त्याच्याच मागे असते" असे तुम्ही म्हणाल, आणि ते खरेही असेल. प्रश्न पहिल्या काही मिनिटांचा आहे. एडवर्ड ट्रॉनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये तान्ह्या बाळांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला: आईने बाळासमोर बसून थोडा वेळ चेहरा निर्विकार ठेवायचा, काहीच प्रतिसाद द्यायचा नाही. बाळे लगेच रडली नाहीत. आधी त्यांनी हसून पाहिले, आईला पुन्हा खेळात ओढण्याचे प्रयत्न केले, आणि ते फुकट गेल्यावर मग तोंड फिरवले. साडेपाच वर्षांचा मुलगा तान्हा नाही आणि मोबाइलमध्ये पाहणारी आई म्हणजे तो प्रयोगही नाही, पण क्रम तोच दिसतो. पर्स फेकणे ही त्याची पहिली चाल बहुधा नसते. त्यापूर्वी तो काहीतरी गोड करून बघतो. एक चित्र पुढे धरतो, तुमच्या ओढणीला हात लावतो, "आई, आई, आई" म्हणतो. ते दुसऱ्या कानात जाते.

तुमचे चार दिवस का फसले ते आता सांगते. जी कृती आजवर फळ देत होती तिला फळ मिळेनासे झाले, की ती विझण्याआधी भडकते. लिफ्ट आली नाही तर आपण बटण अधिक जोराने आणि अधिक वेळा दाबतो, तसेच. चौथ्या दिवशी झाकण उडाले ते दुर्लक्षाचा परिणाम होऊ लागल्याचे चिन्ह होते, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याला मांडी आणि मोबाइल दोन्ही मिळाले. त्यावरून तो एवढेच शिकला, की आता पर्सने भागत नाही, झाकण लागते. शिवाय कधी मिळते, कधी मिळत नाही अशा रीतीने फळ मिळालेले वागणे नेहमी मिळणाऱ्यापेक्षा चिवट होते, हे चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर यांच्या १९५७ पर्यंतच्या प्रयोगांतून ठळकपणे दिसले होते. म्हणून तीन दिवस निर्धार आणि चौथ्या दिवशी माघार ही पद्धत काहीच न करण्यापेक्षा वाईट ठरते.

कार्ल विल्यम्स यांनी १९५९ मध्ये नोंदवलेली एक छोटीशी हकिगत मला आपल्याकडच्या एकत्र कुटुंबांसाठी फार बोलकी वाटते. २१ महिन्यांच्या एका मुलाचे झोपवतानाचे रडणे थांबवण्यासाठी आईवडिलांनी त्याला प्रेमाने झोपवून खोलीबाहेर यायचे आणि परत जायचे नाही असे ठरवले. पहिल्यांदा तो ४५ मिनिटे रडला. दहाव्या वेळेपर्यंत रडणे थांबले होते. मग आठवडाभराने एका रात्री त्या घरातल्या एका मावशी-आत्याने त्याला झोपवले, तो थोडा कुरकुरला, आणि ती परत खोलीत गेली. सगळे पहिल्यापासून करावे लागले. इतक्या लहान बाळाला एकटे रडू द्यावे असे मी कोणाला सांगत नाही. ही गोष्ट मी सांगते ती त्या मावशी-आत्यासाठी. मी नवी असताना रामबागेतल्या एका कुटुंबाला आईपुरती सगळी पद्धत शिकवली आणि आजोबांशी एक शब्दही बोलले नाही. आजोबांना वाटले, सून नातवाला वाळीत टाकते आहे. ते त्याला प्रत्येक दंग्यानंतर खाली नेऊन जिलबी घेऊन देऊ लागले. महिन्याभरात मुलगा आधीपेक्षा बिघडला. तो दोष माझा होता. तेव्हापासून घरातले सगळे मोठे एकदा तरी समोर बसल्याशिवाय मी दुर्लक्षाचा सल्ला देत नाही.

थोडक्यात, इथवर तीन गोष्टी झाल्या: शांत वागणे आपल्याला दिसत नाही, दिसत नाही म्हणून त्याला काही मिळत नाही, आणि दंग्याला कधी तरी नक्की मिळते. तेव्हा काम दंग्यापासून सुरू न करता शांततेपासून करायचे.

सुरुवात दाराबाहेर होते. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवले, की एक काम अर्धवट सोडून माणूस दुसऱ्याकडे वळला तर त्याचे थोडे लक्ष मागच्या कामातच रेंगाळते आणि पुढचे काम तेवढे कच्चे होते. तुम्ही कार्यालयातला एखादा अर्धवट हिशेब डोक्यात घेऊन जिना चढता तेव्हा शरीर घरी येते, लक्ष विजयनगरलाच असते. गाडी लावल्यावर दोन मिनिटे तिथेच थांबा, उद्या सकाळी त्या कामात पहिली गोष्ट कोणती करायची ते एका ओळीत लिहा, राहिलेला निरोप पाठवून टाका आणि फोनचा आवाज बंद करा. आत आल्यावर चपला काढा, हात धुवा आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसा. कुकर दहा मिनिटे उशिरा लागेल.

त्या दहा मिनिटांत काय करायचे, यावर बरेच पालक अडखळतात, कारण आपल्याला मुलांशी बोलणे म्हणजे प्रश्न विचारणे वाटते: शाळेत काय झाले, डबा संपवला का, बाईंनी काय शिकवले. हे लक्ष ठेवणे झाले. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी १९७०च्या दशकात सुरू केलेल्या पालक-बालक उपचारपद्धतीत पालकांना घरी रोज पाच मिनिटे मुलाच्या कलाने खेळायला सांगतात. त्या वेळात प्रश्न नाहीत, हुकूम नाहीत, सुधारणा नाहीत, तो जे करतो आहे ते शब्दांत मांडायचे आणि चांगले दिसेल त्याचे नाव घेऊन कौतुक करायचे. "ट्रक पुलाखालून नेलास. आता लाल डबा मागे लावलास. डबा निसटला तरी चिडला नाहीस, पुन्हा लावलास." ऐकायला हे क्रिकेटच्या धावत्या वर्णनासारखे आहे आणि पहिले दोन दिवस बोलणाऱ्याला संकोच वाटतो. नुसते "शाब्बास" म्हणण्यापेक्षा हे वर्णन परिणामकारक असते, कारण ते करण्यासाठी खरोखर पाहावे लागते.

दुसरी गोष्ट चिंचोक्यांची. ही कोणत्याही ग्रंथातली नाही, माझ्या घरातली आहे. माझी मुलगी लहान असताना मी सकाळी कुर्त्याच्या उजव्या खिशात दहा चिंचोके टाकत असे आणि तिच्या शांत, साध्या वागण्याची दखल घेतली की एक चिंचोका डाव्या खिशात जात असे. बक्षीस म्हणून नाही. तिला तर ते माहीतही नव्हते. मोजमाप माझे होते. पहिल्या संध्याकाळी डाव्या खिशात दोन चिंचोके होते, आणि मी व्यवसायाने बालसमुपदेशक होते. आपले लक्ष शांततेकडे आपोआप वळत नाही म्हणून त्याला हाताशी काही खूण लागते. तुम्हाला संध्याकाळी सात ते साडेनऊ एवढाच वेळ आहे, तेव्हा सहा चिंचोके पुरेत.

दंगा झाला तर काय करायचे, तर वर्गवारी करायची. पर्स फेकणे, किंचाळणे, पाय आपटणे याकडे चेहरा, डोळे आणि शब्द तिन्ही वळवायचे नाहीत; पर्स आधीच उंच खुंटीवर गेलेली असावी. तो थांबून श्वास घेईल, इकडे पाहील, एखादी वस्तू हातात घेईल, त्या क्षणी लगेच वळायचे, आणि झाल्या प्रकाराची उजळणी करायची नाही. दुर्लक्षातली खरी कसोटी ही वळण्याची आहे. रागावलेला माणूस दंगा थांबल्यावरही दहा मिनिटे फुगून बसतो आणि ते सगळे वाया जाते. चावणे, मारणे, वस्तू अंगावर फेकणे याकडे मात्र दुर्लक्ष नाही: हात धरायचा, "चावायचं नाही" एवढे दोन शब्द सपाट आवाजात म्हणायचे, त्याला बाजूला बसवायचे आणि संपले. व्याख्यान हेही लक्षच आहे. आणि लागले, दुखले, घाबरला असेल तर जवळ घ्यायला एक क्षणही थांबू नका.

सासूबाईंशी बोलण्याचा भाग सर्वांत नाजूक आहे. तुम्ही दारात असतानाच, त्याच्यासमोर, "आज याने काय केलं माहीत आहे का" अशी सुरुवात होत असेल, तर त्याच्या दिवसातला सर्वांत मोठा श्रोतृवर्ग त्याच्या चुकांना मिळतो. त्यांना ते थांबवा असे सांगू नका, सुनेने तसे सांगणे कोणत्याही घरात नीट ऐकले जात नाही. त्याऐवजी मदत मागा. "आई, मी आले की त्याने दुपारी केलेलं एक चांगलं काम त्याला ऐकू येईल असं मला सांगाल का? बाकीचं तो झोपल्यावर बोलू." आजवर या विनंतीला नाही म्हणणारी सासू मला भेटलेली नाही, दुपार खरोखर त्यांनी सांभाळलेली असते आणि यात ते सगळ्यांना दिसते. यजमान घरी असतील त्या तीन दिवसांतही हीच पद्धत चालली पाहिजे, एरवी विल्यम्स यांच्या गोष्टीतली मावशी-आत्या म्हणजे तेच होतील.

नोकरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे: या कारणासाठी सोडू नका. तुम्ही दिवसभर घरी राहिलात तर लक्षाचे तास वाढतील, पण ते शांततेला मिळणार की दंग्याला, ही वाटणी तशीच राहील, आणि राखणीपुरते लक्ष अधिक तास मिळाल्याने त्याची मागणी भागणार नाही. पैशांच्या किंवा तुमच्या प्रकृतीच्या दृष्टीने वेगळा विचार असेल तर तो वेगळा विषय आहे.

पहिल्या आठवड्यात दंगा वाढेल, विशेषतः तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. या वेळी टीव्हीजवळून डबे हलवून ठेवा. दोन ते तीन आठवड्यांत फरक दिसू लागतो असा माझा अनुभव आहे, काही मुलांत त्याहून उशिरा. महिन्याभरानेही चावणे चालूच असेल, शाळेतून तक्रार येऊ लागली, झोपेत दचकणे किंवा सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू झाले, तर वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांना आणि जवळच्या बालमानसशास्त्रज्ञांना प्रत्यक्ष दाखवा. तोपर्यंत दोन आठवड्यांनी कळवा, आणि त्यात डाव्या खिशातल्या चिंचोक्यांचा रोजचा आकडा आणि पर्स फेकण्यापूर्वीच्या मिनिटात त्याने काय काय करून पाहिले, या दोन गोष्टी आठवणीने लिहा.